टोपीवाला आणि इतर प्रवासी

“आजींचं वजन किती धरू, साहेब?” माल चढवणाऱ्या टोळीच्या मुकादमाने विचारलं.

“धर की अंदाजे,” कप्तान म्हणाला.

“अंदाजे?” मुकादमाने पेन कानावर खोचलं. “अंदाजाने वजन धरणाऱ्याला विमानाच्या शेपटाला बांधीन, असं कोण म्हणायचं?”

असं कप्तानच म्हणायचा, त्यामुळे पुढे बोलायची सोय उरली नाही. दोघा हमालांनी खोकी तोलायच्या काट्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्यावर कप्तानाच्या म्हाताऱ्या आईला बसवलं. तिने मांडीवरची पिशवी सावरली.

“पिशवीपण धर हं बाबा त्यात. मागाहून भानगड नको,” ती म्हणाली.

पिशवीत बिस्किटांचे पुडे होते, विमानातल्या प्रवाशांना वाटण्यासाठी.

हीच तर सगळी पंचाईत होती. विमानात प्रवासी नव्हते. आज नव्हते, काल नव्हते, कप्तानाच्या सबंध नोकरीत कधीच नव्हते. तो मालवाहू विमानाचा पायलट होता, आणि ही गोष्ट त्याच्या ओळखीपाळखीत फक्त त्याच्या आईला माहीत नव्हती.

तसं बघायला गेलं तर हे लपून राहण्यासारखं आयुष्य नव्हे. प्रवासी विमानांचे पायलट काचेच्या दारातून, चाकांच्या बॅगा ओढत, केस विंचरून आत जातात. मालवाले मागच्या फाटकाने, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत जातात, आणि फाटकावरचा पहारेकरी त्यांना गणवेशाकडे बघूनसुद्धा ‘गाडी बाजूला घ्या’ म्हणतो. विमानात मोरी नाही. पडदा आहे, पण पडद्यामागे काय आहे ते न विचारलेलं बरं. जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी आत काय असेल यावर पैज लावायची पद्धत होती, ती सगळेच बटाटा म्हणू लागल्यामुळे बंद पडली. मासळीची खोकी नेऊन परतलं की बसमध्ये आजूबाजूच्या जागा आपोआप रिकाम्या होतात आणि बायको दारातच कपडे काढायला लावते. एकदा तर बोकड पिंजऱ्यातून सुटून पुढे आला आणि ज्या गावी उतरायचं होतं त्या गावाचा नकाशा खाऊन गेला. चौकशी झाली तेव्हा कप्तानाने कारणाच्या रकान्यात ‘बोकड’ असं लिहिलं. साहेबांना ते पटवून देता देता त्याच्या नाकी नऊ आले.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी कप्तान खोटं बोलला होता.

त्याचा बाप ट्रक चालवायचा. एके पहाटे बापाच्या छातीत कळ आली. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून, ब्रेक ओढून मग तो गेला. दुपारी कुणीतरी काच वाजवली तेव्हा कळलं. तेराव्या वर्षी कप्तानाला आईने समोर बसवून सांगितलं होतं, “बारक्या, काहीही हो. मालाची गाडी तेवढी हाकू नकोस.” जन्मला तेव्हा तो हाताच्या ओंजळीत मावेल एवढा होता, म्हणून बारक्या. आता दारातून आत यायचं तर त्याला मान वाकवावी लागते, पण नाव तेच राहिलं.

बारक्या शिकला, पायलट झाला, आणि प्रवासी कंपन्यांनी टोलवाटोलवी केल्यावर मिळाली ती मालाची नोकरी धरली. चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे असं त्याला वाटलं होतं. पहिल्या फेरीवरून घरी आला तेव्हा आईने विचारलं, “किती जण होते रे विमानात?” तो म्हणाला, “भरलं होतं.” हे अगदीच खोटं नव्हतं. त्या दिवशी विमानात कोंबडीची पिल्लं होती.

“कोण होते?”

“शाळेची सहल होती, आई. नुसता कलकलाट.”

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कारखान्याचं अवजड यंत्र नेलं तर तो सांगायचा, एक एवढा जाड माणूस आला होता की विमान कलतंय की काय असं वाटलं. शर्यतीचे घोडे नेले तेव्हा श्रीमंत मंडळी होती, लाथा झाडण्यातच त्यांचा प्रवास गेला. शवपेटी नेली तेव्हा एक शांत गृहस्थ होते, त्यांनी सबंध वाटेत कसली तक्रार केली नाही. आई हे सगळं मन लावून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायची. सांगताना त्यात स्वतःची थोडी भर घालायची.

आणि मग टोपीवाला आला. खरं तर ती करडं होती, आईपासून तोडलेली, सबंध वाटभर ओरडली. कप्तान कानठळ्या बसून घरी आला आणि म्हणाला, “एक बाळ होतं, सारखं रडत होतं.”

“गार वारा लागला असेल त्याला,” आई म्हणाली. आठवडाभरात तिने पिवळ्या लोकरीची, कानावर येणारी, नाडीची टोपी विणून हातात ठेवली. “परत आलं की घाल त्याला.”

आता टोपी दिली म्हटल्यावर बाळ परत येणं भाग होतं. त्याचे आईबाप दोन गावांत नोकरीला आहेत, ते सारखं ये-जा करतं, अशी कप्तानाने व्यवस्था लावून दिली. आई दर थोड्या दिवसांनी विचारायची, “टोपीवाला चालायला लागला का?” मग तो चालायला लागला. त्याचे दात पडले, शाळा सुरू झाली, गणितात नापास झाला तेव्हा आई दिवसभर जेवली नाही. अलीकडे तो इंजिनिअरिंगला होता.

“आता त्याचं लग्नही लावून द्याल तुम्ही,” कप्तानाची बायको एकदा म्हणाली होती. मग जरा थांबून म्हणाली, “आपल्याला मूल झालं नाही, म्हणून त्यांना हवेतला नातू दिलात. पण अहो, हे निस्तरणार कोण?”

कप्तानाला वाटलं होतं, निवृत्तीबरोबर सगळं आपोआप निस्तरेल. ती एका महिन्यावर आली होती. तर आईने हट्ट धरला, “नोकरी संपायच्या आत मला एकदा तुझ्या विमानात ने.” कंपनीच्या मालकाला विचारतो असं सांगून त्याने वेळ मारून नेली. मालक माणूस चांगला निघाला. “आईंना? अहो, अवश्य न्या,” म्हणाला, आणि शेवटची पळवाट बंद झाली.

को-पायलट बाईंनी त्याला धीर दिला होता. त्या पूर्वी प्रवासी कंपनीत होत्या, ती बुडाल्यावर इकडे आलेल्या, दोन मुलांना वाढवून कशालाही न डगमगणाऱ्या. “साधी गोष्ट आहे, सर. आपण बसतो त्या खोलीचं मागचं दार लावून घ्यायचं. मागे कोण आहे ते आजींना काय दिसणार? बाकी माझ्यावर सोडा.”

शिडी आजींना झेपणार नव्हती, म्हणून मुकादमाने त्यांना खुर्चीसकट माल चढवायच्या लिफ्टवर ठेवलं. दोन्ही बाजूंना खोक्यांच्या थप्प्या होत्या. लिफ्ट पायलटांच्या दाराकडे वर जाऊ लागली.

“हे सगळं प्रवाशांचं सामान?” आईने विचारलं.

“हो, आई.”

“बरंच घेऊन हिंडतात बाई माणसं. आणि ती कुठायत?”

“मागच्या दाराने चढली,” मुकादम शपथेवर सांगावं तसं म्हणाला आणि लगेच खाली बघू लागला.

आईला दोन्ही पायलटांच्या मागच्या जादा खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवला. इंजिनांच्या घरघरीत त्याशिवाय एकमेकांचं ऐकू येत नसे. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि पुढच्या काचेकडे, बटणांकडे, मुलाच्या पाठीकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका खुललेला होता की कप्तानाला वळून बघवेना.

“टोपीवाला आहे का आज?”

“नाही आई, परीक्षा आहे त्याची.”

“परीक्षेला बसला म्हणजे झालं,” ती म्हणाली.

बाईंनी घसा साफ केला. “प्रवाशांचं मी मनापासून स्वागत करते. कृपया आपापले पट्टे बांधून घ्यावेत.” जुन्या नोकरीतला सगळा गोडवा त्यांनी त्यात ओतला. मागे मोटारीचे टायर, औषधं आणि नाना तऱ्हेची पार्सलं जाळ्यांखाली आवळून बांधलेली होती. त्यांनी हे स्वागत निमूटपणे ऐकून घेतलं असणार.

“किती छान बोलतेस गं,” आई म्हणाली.

विमान उडालं. सकाळ स्वच्छ होती. खाली शेतं, मग ढग, मग नुसतं ऊन. आईने एकदा “अगंबाई” म्हटलं आणि ती काचेबाहेर बघण्यात गढून गेली. निभावलं, असं कप्तानाला वाटायला लागलं. उतरल्यावर तिला मुकादमाच्या तिकडच्या जोडीदाराबरोबर आधी खाली पाठवलं की गंगेत घोडं न्हालं.

“बारक्या, तुझ्या गुडघ्यापाशी ते काय आहे?”

कप्तानाने खाली पाहिलं. विमान जुनं. त्याच्या डाव्या गुडघ्यापाशी पत्र्याला एक भोक होतं, आणि वर गेलं की त्यातून बर्फासारखा वारा यायचा. दुरुस्तीवाल्यांना सांगून सांगून तो थकला होता. शेवटी कितीतरी वर्षांपूर्वी त्याने हाताला लागलं ते त्या भोकात कोंबलं होतं, आणि पुढे ते तिथे आहे हेही तो विसरून गेला होता. लोकर मळून गेली होती, पण पिवळा रंग ओळखू येत होता. नाडी बाहेर लोंबत होती.

“ती टोपी आहे,” आई म्हणाली. “मी विणलेली.”

“तो विसरून गेला असेल, आजी,” बाई घाईने म्हणाल्या. “मुलं काय, कुठेही काहीही टाकतात.”

“भोकात?”

कप्तानाच्या डोक्यात चार-पाच कारणं येऊन गेली. इतक्या वर्षांच्या सवयीने ती कशी हात जोडून उभी होती. पण तो थकला होता, आणि पाठीमागून येणारा तिचा श्वास हेडफोनमध्ये अगदी कानाशी ऐकू येत होता.

“बाई, विमान तुमच्याकडे,” तो म्हणाला.

“माझ्याकडे,” बाई म्हणाल्या.

तो पट्टा सैल करून मागे वळला. “आई, टोपीवाला नाहीये.”

तिचा चेहरा पांढरा पडला. “काय झालं त्याला?”

“काही झालं नाही गं...”

“बारक्या, खरं सांग. काय झालं पोराला?”

“काही झालेलं नाही. तो नव्हताच, आई. ती करडं होती. बकरीची. मी मालाचं विमान चालवतो. मागे खोकी आहेत.”

तिला ते एकदम कळलं नाही. लहान मुलाला पुन्हा समजावून सांगावं तसं त्याला सांगावं लागलं. मग तिने एकेकाची चौकशी सुरू केली, लग्नघरातून कोण कोण गेलं ते विचारावं तशी.

“ती शाळेची सहल?”

“कोंबडीची पिल्लं.”

“तो जाडा? त्याला मी दोन खुर्च्या द्यायला सांगितल्या होत्या.”

“यंत्र होतं.”

“ते शांत गृहस्थ?”

कप्तानाने मान खाली घातली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न सोडून दिला.

“माणूस म्हणून कुणीच नव्हतं?”

“नाही.”

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. ती रडत होती. आवाज इंजिनांत बुडून गेला, नुसते खांदे हलताना दिसत होते. कप्तानाने तिला इतकं रडताना एकदाच पाहिलं होतं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. आपण हिला एक माणूस दिला, मोठा करून दिला, आणि दोन मिनिटांत काढून घेतला. मेलेल्याचं निदान सुतक तरी पाळता येतं. हिने काय करायचं?

बाईंनी समोर बघतच हात मागे केला आणि आजींच्या गुडघ्यावर ठेवला. तो त्यांनी बराच वेळ तिथून काढला नाही.

पुष्कळ वेळाने आईने हेडफोन परत चढवला.

“माझ्यापासून का लपवलंस?”

“तूच म्हणाली होतीस. मालाची गाडी हाकू नकोस. तुला वाईट वाटलं असतं. बापासारखा ओझंच वाहतोय म्हणून.”

“ओझ्याचं काय रे?” ती जवळजवळ रागावूनच म्हणाली. “ओझ्याची लाज वाटायला मी काय सरदारघराण्यातली आहे? मी म्हटलं होतं, मालाची गाडी हाकू नकोस, माणसांत राहा. तेवढं सोयीस्कर विसरलास. तुझा बाप दुपारपर्यंत तसाच बसला होता गाडीत. ट्रकभर सिमेंट, आणि हाक मारायला एक माणूस नाही.”

तेराव्या वर्षी त्याने अर्धंच वाक्य ऐकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावाचून सगळं आयुष्य काढलं होतं.

“तू उडालास की मी टोपीवाल्यावर हवाला ठेवून झोपायचे,” ती म्हणाली. “वाटायचं, पोरगं आहे बरोबर. बारक्याला काही झालं तर ओरडेल तरी.”

“मी असते, आजी,” बाई म्हणाल्या. “नेहमी दोघं असतो आम्ही. सर घोरतात, मी ऐकते. मी घोरते, सर ऐकतात.”

“एका वेळी एकच जण घोरतो ना पण?” आईने काळजीने विचारलं.

“तेवढं पथ्य पाळतो आम्ही,” बाई म्हणाल्या, आणि आईच्या तोंडावर कसंबसं हसू आलं. तिने पिशवीतला एक पुडा फोडून बाईंना दिला, मग मुलाला. तिघांनी बिस्किटं खाल्ली. बटाट्यापेक्षा ती पुष्कळच बरी होती.

कप्तानाने टोपी भोकातून काढायला हात घातला, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे. वारा येईल.”

विमान उतरलं. तिकडच्या हमालांनी मागचं मोठं दार उघडून लिफ्ट लावली. आईला मागची खोली बघायची होती. कप्तान तिला हाताला धरून घेऊन गेला. ती एक लांबलचक, बिनखिडक्यांची बखळ होती. जाळ्या, साखळ्या, पुठ्ठ्याचा वास. ती एका जाळीला धरून उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. इतकी वर्षं या जागेत तिने किती माणसं बसवली होती, आणि त्यातला प्रत्येक जण आता तिथून उठून गेला होता.

“चल आई, तुला आधी खाली सोडतो. माल उतरायला वेळ लागतो.”

“प्रवाशांच्या विमानात कसं असतं गं?” तिने बाईंना विचारलं. “असेच आधी तुम्ही उतरता?”

“नाही, आजी. आधी प्रवासी. पुष्कळदा कप्तान दारात उभे राहतात, सगळ्यांना निरोप देतात.”

“मग हा का नाही राहत?”

“आई, खोक्यांना काय निरोप द्यायचा?”

“एवढ्या लांबून आणलंस ना त्यांना?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं. मग पुढे जाऊन खुंटीवरचा गणवेशाचा कोट घेऊन आला. तो नोकरीत सहसा घातला जात नसे, त्यामुळे अजून बरा होता. बटणं लावली आणि आईशेजारी दाराच्या कडेला उभा राहिला. हमाल आधी एकमेकांना कोपराने डिवचून हसले. मग एकाने जरा अदबीने वागायला सुरुवात केली आणि बाकीचेही तसेच वागू लागले. एरवी फेकली जाणारी पार्सलं त्या दिवशी हातातून हातात गेली.

टायर गेले. औषधं गेली. आई मधूनच विचारत होती, हे कुठे जाणार, यात काय असेल. कप्तान बाहेरची चिठ्ठी वाचून असेल तेवढं सांगत होता, आणि चिठ्ठीवर काही नसेल तर माहीत नाही म्हणत होता.

शेवटी एक लांब, चपटं, पुठ्ठ्याचं खोकं आलं.

“यात?”

“सायकल,” त्याने वाचून सांगितलं.

“लहान मुलाची?”

कप्तानाच्या ओठावर होकार आला होता. त्या पोराचं नाव, त्याची शाळा, सायकलसाठी त्याने धरलेला हट्ट, सगळं मागोमाग तयार होतं. त्याने ते गिळलं.

“लिहिलेलं नाही, आई. माहीत नाही.”

ती त्या खोक्याकडे बघत राहिली. हमाल तिच्यासाठी खोळंबले.

“लहानच असेल,” ती म्हणाली, आणि त्याला वाट द्यायला बाजूला सरकली.